टेबलाची खालची बाजू

मी, कौसाबाई हेमकांत चौधरी, वय छप्पन्न, शिक्षण चौथी पास, धंदा शेतीच्या पाण्याच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेने भरून देण्याचा, राहणार सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही, फूस लावलेली नाही. वकिलाने नमुना दिला आहे, त्यात "राजीखुशीने" असा शब्द आहे. राजी आहे. खुशी नाही, म्हणून तेवढा अर्धा शब्द गाळला. वकिलाने तो परत घालू नये.

येत्या सोमवारी धुळ्याला माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, मावशी, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरत नाही. पण मी गेले तर माझ्या मागे एक खोटं पितळेच्या पाटीवर कोरलं जाणार आहे. मला ते चालणार नाही. हा कागद त्यासाठी आहे. घरदार मध्ये आलं म्हणून लिहिते.

आधी एक सांगून टाकते. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मीही लग्नापासून घेतलं नाही. "ओ" म्हणायचे, नाहीतर "रुचिकाना बाप". वकील म्हणाले, कायद्याला "ओ" चालत नाही, नाव लागतं. ठीक आहे. तसंही डिसेंबरच्या यात्रेपासून नाव घ्यायला जड जात नाही. हेमकांत. घेतलं.

कलम एक. घर.

घर माझ्या वडिलांचं, कैलासवासी हिलाल आप्पांचं. मी एकुलती. लग्न झालं तेव्हा मी सासरी गेले नाही, हेमकांत इथे आला. गावाने त्याला कधी हेमकांत म्हटलं नाही. दूध घालणाऱ्यापासून सगळे म्हणतात, "कौसाना नवरा". हे त्याला टोचतं, मला माहीत आहे. माहीत आहे म्हणजे माफ केलं असा अर्थ कोणी काढू नये.

या घरात हेमकांतने मरेपर्यंत राहावं. त्याच्या मागे घर आमची मुलगी रुचिका हिला जावं. राग आला म्हणून माणसाचं छप्पर काढायचं, ही माझ्या बापाची रीत नव्हती. स्वयंपाकघरातला पंखा घरघरतो, त्याला मी हात लावलेला नाही आणि आता लावणार नाही. सुरतहून कारागीर बोलवावा.

हे वाक्य पुढे परत येईल. कोणाला हसू येत असेल तर थांबा.

कलम दोन. दुकान आणि हत्यारं.

बसस्टँडच्या रस्त्यावरचं माझं दुकान, वाइंडिंगचं मशीन, सोल्डरची दोन्ही हत्यारं, मीटर, पकडी, चिमटे आणि शिल्लक तांब्याची तार, हे सगळं रेवाबाई, मूळ राहणार डोंगरातलं काठी, हिला द्यावं. ती ऊसतोडीला निघालेली, ट्रॅक्टर आमच्या दुकानासमोर बंद पडला. प्यायला पाणी मागायला आत आली. मी एका जळलेल्या मोटरीतून तांबं उपसत होते. ती बघत बसली, मग म्हणाली, "तू उलटं ओढतेस, म्हणून तुटतं." मी म्हटलं, मग तू ओढ. तिने ओढलं. अखंड निघालं. टोळी पुढे गेली, ही इथेच राहिली. आता तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

ती सगळ्यांना "तू" म्हणते, डोंगरात तशीच बोली आहे. हेमकांतला ते आवडत नाही. त्याने दुकानात जाऊ नये.

भाऊबंद विचारतील, जातीची ना गोतीची, तिला का? पुढचं कलम वाचा. कळलं नाही तर परत वाचा. मी समजावून सांगायला नसेन.

कलम तीन. रेल्वे.

सारंगखेड्याला रेल्वे नाही. तापी आहे, पूल आहे, यात्रेला देशभरचे घोडे येतात, पण गाडी पकडायची तर दोंडाईचाला जा नाहीतर नंदुरबारला. हेमकांत लहानपणी सुरतेला मामाकडे होता, खिडकीखालून गाड्या जायच्या. त्याच्या डोक्यातून गाडी गेलीच नाही. एकदा तो सुरतेच्या जुन्या बाजारातून एक खोकं घेऊन आला. आत परदेशी छोटी रेल्वे. इंजिन वीतभरसुद्धा नाही, दोन रुळांतलं अंतर माझ्या करंगळीएवढं. पुढच्या खोलीत त्याने प्लायवूडचं टेबल केलं. त्यावर शेतं, केळीचे बाग, तापी, तापीवर पूल. गाडी गोल फिरून परत येते. आणि मधोमध एक स्टेशन, त्याला आगपेटीच्या पुठ्ठ्याची पाटी: सारंगखेडा. जे स्टेशन गावाला मिळालं नाही ते त्याने बसवलं. ती पाटी पाहिली तेव्हा हा माणूस मला फार आवडला होता. खोटं कशाला लिहू.

पण गाडी चालेना. म्हणजे अलीकडे चाले आणि पलीकडच्या टोकाला गेली की म्हातारीसारखी रखडे. याने एका जागी दोन तारा जोडलेल्या, बस. "इंजिन खराब शे," म्हणे.

मी म्हटलं, "इंजिन काय खराब शे! तठे पानी पोचत नही."

"कसानं पानी वं?"

"पाटनं. तुम्ही पाट एक काढा, चाऱ्या एकबी नही. शेवटना शेतले काय भेटी?"

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं: मोठ्या पाटातून प्रत्येक शेताला चारी काढावी लागते, नाहीतर शेवटचा माणूस कोरडा. विजेचंही तेच. रुळाचे तुकडे नुसते एकमेकांत अडकवलेले, प्रत्येक सांध्याला वीज थोडी मरते. म्हणून टेबलाच्या खालून दोन जाड तारा फिरवायच्या, तो पाट. आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला भोक पाडून बारीक तार खाली सोडायची आणि पाटाला जोडायची, ती चारी. इंग्रजीत फीडर म्हणतात, हेमकांतने सांगितलं. मी चारीच म्हणते.

त्या सगळ्या चाऱ्या मी काढल्या. एकूण एक. रुळाची कड आधी घासून घ्यायची, मग डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर वितळवून तार चिकटवायची, आणि ते झटकन करायचं. हात रेंगाळला की रुळाखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वितळतात, दोन रुळांतलं अंतर जातं आणि गाडी पडते. खालचं काम उताणं पडून करायचं. सोल्डरचा थेंब गळ्यावर पडतो. माझ्या गळ्याखाली तीन डाग आहेत. बायका विचारतात, फोडणी उडाली का? मी हो म्हणते. कोण सांगत बसणार.

चूकही मीच केली, तीही लिहिते, म्हणजे उद्या कोणी ती शोधून काढून शहाणपणा करणार नाही. लाल तार कुठल्या रुळाला आणि काळी कुठल्या, हे लक्षात राहावं म्हणून मी ठरवलं: नदीकडच्या रुळाला लाल, डोंगराकडच्या रुळाला काळी. आमच्या गावात सगळं असंच सांगतात. घर कुठे, नदीकडे. शेत कुठे, डोंगराकडे. पण रूळ गोल फिरतो. वळसा घालून आला की नदीकडचा रूळ डोंगराकडे जातो. मी तिथेही नदीकडे बघून लाल जोडली. बटण दाबलं आणि ठप्प. लाल आणि काळी एकाच रुळात भिडलेल्या. हेमकांत डोक्याला हात लावून बसला. रेवाबाई हसून हसून खाली बसली.

मग मी मालगाडीचा एक डबा घेतला, त्याच्या एका अंगाला कुंकू लावलं आणि हाताने ढकलत पूर्ण फेरी मारली. कुंकवाचं अंग ज्या रुळावर, त्या रुळाला लाल. वळणावर काही होवो. रूळ वळला तरी बाजू सोडत नाही, एवढं त्या दिवशी शिकले.

तो डबा रेवाबाईला द्यावा. कुंकू पुसू नये.

आता यात्रेचं.

गेल्या डिसेंबरात यात्रेत आमच्या रेल्वेला मांडवात जागा मिळाली. दोन तुकड्यांत टेबल नेलं, मध्ये पूल बसवला. पुलाचा तुकडा सुटा आहे, त्याचे सांधे सैल, म्हणून पुलाला वीज फक्त त्याच्या स्वतःच्या दोन चाऱ्यांतून मिळते. हे ध्यानात ठेवा. टेबलाभोवती निळं कापड लावलेलं, जमिनीपर्यंत. उद्घाटनाला मोठे साहेब यायचे होते. रुचिका आणि जावई नवापूरहून आलेले, रुचिकाने हेमकांतला नवा कोट शिवून आणलेला. साहेबांची गाडी दिसली आणि पुलावर इंजिन उभं राहिलं.

"कौसा, अटकी गई वं! खाले जाय, जल्दी!"

"मी काय मांजर शे का?"

"जाय ना माय! साहेब उना!"

गेले. साडीखाली मी कामाला हेमकांतचा जुना पायजमा घालते, तो होताच. पुलाखालची लाल चारी पाटापासून तुटलेली. वाहतुकीत ताण आला असणार. मांडवातला विजेचा बोर्ड लांब, सोल्डर तापवायला वेळ नाही. मी तारेचं टोक पाटाच्या उघड्या तारेवर चिमटीत दाबून धरलं. बारा व्होल्ट, त्याने काही होत नाही. वर गाडी निघाली. टाळ्या पडल्या.

मी उताणी, हात वर, दोन बोटांत तार. डोळ्यांसमोर माझ्याच सगळ्या चाऱ्या, लाल काळ्या, रांगेने. वरून चाकांचा आवाज. मला बरं वाटत होतं. हेही खोटं नाही.

साहेब म्हणाले, "वा! हे स्टेशन, हा पूल! चौधरी, कमाल केली. आणि एवढं वायरिंग? ते कोणी केलं?"

मी ऐकत होते. माणूस अशा वेळी नाव ऐकायला थांबतो. मी थांबले.

हेमकांत म्हणाला, "सुरतहून कारागीर आणला होता, साहेब."

आणि रुचिका म्हणाली, "हो ना, फार हुशार माणूस होता."

त्याच वेळी दोरीपलीकडून रेवाबाईचा आवाज आला, "खाली बाई आहे! बाई आहे ना खाली!" पण लाउडस्पीकरवर पंजाबच्या कुठल्या घोड्याची उंची सांगत होते. साहेबांना ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मग कापड हललं. माझे पाय घोट्यापर्यंत बाहेर होते, जोडव्यांसकट. एक हात खाली आला आणि त्याने कापड ओढून माझे पाय झाकले. त्या हाताच्या मनगटावर घड्याळ होतं, पांढऱ्या पट्ट्याचं. ते मी रुचिकाला तिच्या बारावीच्या निकालाला घेतलेलं.

मी बोटं सोडली असती तर गाडी पुलावर उभी राहिली असती, साहेबांच्या नाकासमोर. मी सोडली नाहीत. साहेब जाईपर्यंत धरून ठेवली. का, ते मला विचारू नका. हाताला सवय.

संध्याकाळी मी घरी विचारलं. हेमकांत कोट काढत होता. म्हणाला, "लोकेसमोर काय सांगू? मन्ही बायको टेबलखाले आडी पडेल शे, असं सांगू?"

"हा. तेच सांगानं व्हतं."

"बठ्ठं तर तुन्हंच शे, कौसा. घर तुन्हं, दुकान तुन्हं. एक हाई टेबल मन्हं ऱ्हाऊ दे."

"मागतास तर देतू. चोरनं काब्र?"

मागितलं असतं तर दिलं असतं, चोरायचं कशाला, एवढंच मी विचारलं. तो कोट खुंटीला लावत राहिला, खुंटी सापडत नसल्यासारखा.

रुचिका म्हणाली, "मम्मी, तू पण ना! साडी गुडघ्यापर्यंत वर गेली होती तुझी. लोक बघत होते, म्हणून झाकलं."

मी म्हटलं, "खाली पायजमा होता. गुडघे कुठून दिसले?"

ती म्हणाली, "मला नीट दिसलं नसेल."

मी तिला लहानपणापासून ओळखते. तिला नीट दिसतं. तिच्या सासरी सगळे शिकलेले आहेत, आणि आई तारा जोडते हे तिने तिथे कधी सांगितलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी समजत होते की विषय निघाला नसेल.

आता पुढचं. तालुक्याला एक नवं सभागृह होतंय, तिथे हे टेबल कायमचं ठेवायचं ठरलं आहे. रुचिकाने पाटीचा मजकूर छापून आणला. "संकल्पना व निर्मिती: हेमकांत चौधरी. वायरिंग: सुरत येथील कुशल कारागीर." मांडवात तोंडातून निसटलं, असं मी एखादवेळी धरलंही असतं. पण हे बसून, विचार करून, शुद्धलेखन तपासून केलेलं आहे. कुशल शब्द कोणी घातला, माहीत नाही.

पुलाखालची ती लाल चारी मी यात्रेनंतर जोडलेली नाही. तशीच लोंबते आहे. हेमकांत रोज विचारतो, "कवय करशी?" मी सांगते, सुरतहून कारागीर बोलवा.

म्हणून आता नीट वाचा. टेबलाची वरची बाजू, म्हणजे रूळ, गाड्या, शेतं, तापी, पूल आणि सारंगखेडा स्टेशन, हेमकांतला दिली. ती त्याची आहे. तो माझ्यापेक्षा चांगला रंगवतो. टेबलाची खालची बाजू, म्हणजे पाट, सगळ्या चाऱ्या, सगळे डाग आणि ती तुटकी तारही, रेवाबाईला दिली. मध्ये आरी लावू नये. एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय टेबल जागचं हलवू नये. वकील म्हणतात, असं देता येतं का ते बघावं लागेल. बघा. नसेल येत तर अख्खं टेबल रेवाबाईचं.

पुलाखालचा डाग रेवाबाई देईल. तिला येतो. पण हेमकांतने आधी स्वतः तिच्या दुकानात जाऊन, डाग देशील का, असं तिला विचारावं. माणसं असताना जावं, दुपारचं सामसूम बघून नाही. ती "तू" म्हणेल, ते ऐकून घ्यावं.

पाटीवर मला माझं नाव नको. मागून घातलेल्या नावाला चव नसते. पण त्या सुरतच्या माणसाला काढा. जो जन्मलाच नाही त्याच्या खाली मला ठेवू नका.

कलम चार. दागिने.

बांगड्या आणि पोत रुचिकाला. तिच्या हातात शोभतील. हे टोमण्याने लिहिलेलं नाही, तिचे हात खरंच चांगले आहेत, लहानपणी सोल्डरची बारीक तार तीच मला सरळ करून द्यायची. जोडवी कोणाला द्यायची नाहीत. त्यांचं पुढे लिहिलं आहे.

कलम पाच. कारभार.

हे सगळं लिहिल्याप्रमाणे होतं की नाही ते आमच्या गल्लीतली अंगणवाडी सेविका चारुलता हिने बघावं. ती भांडते. म्हणून तिला नेमलं.

कलम सहा. शेवटचं.

मी हेमकांतच्या आधी गेले तर अहेव गेले. बायका हिरवी साडी नेसवतील, मळवट भरतील, आणि गावातल्या साऱ्या सवाष्णी माझ्या पाया पडायला येतील. ही आमची रीत आहे. ती पाळावी.

पण माझे पाय झाकू नयेत. वरचं कापड घोट्याच्या वरच थांबवावं. जोडवी पायात राहू द्यावीत. जे येतील त्यांनी बघावेत. यात्रेत ज्यांनी बघितले आणि दुसरीकडे बघितलं, त्यांनीही बघावेत.

रुचिका कापड ओढायला वाकेल. तिच्या हाताला ती सवय आहे. चारुलताने तिचा हात धरावा आणि तिला माझ्या पायाशी बसवून ठेवावं, शेवटची बाई पाया पडून जाईपर्यंत. कोणी विचारलं, या बाईने आयुष्यात काय केलं, तर रुचिकाने उत्तर द्यावं. मोठ्याने. काय सांगायचं ते तिला माहीत आहे. सांगून झालं की मग तिने स्वतःच्या हाताने माझे पाय झाकावेत. तेव्हा चालेल.

नाही सांगितलं तर उघडेच राहू द्या. तसेच न्या.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करते.

स्थळ: सारंगखेडा, पुढची खोली, टेबलाजवळ.
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६

सही: कौसाबाई हेमकांत चौधरी

साक्षीदार पहिला: भिला दगा मिस्तरी, पिठाची गिरणी, सारंगखेडा. (कौसाआक्कांनी आमच्यासमोर सही केली. मी यात्रेत होतो. पाय मी पाहिले होते. आक्का, चुकलं. भिला.)

साक्षीदार दुसरी: चारुलता रमण सोनार, अंगणवाडी सेविका, सारंगखेडा. (भिलाभाऊंनी साक्षीच्या जागेत जास्तीचं लिहिलं, मी नको म्हणत होते. कौसाआक्का म्हणाल्या, राहू दे, एकाने तरी लिहिलं.)